वहीतला क्ष

गेल्या दिवाळीत आजोळचा वाडा रिकामा करायला गेलो होतो. वाडा म्हणजे आता अर्धाच. मागची बाजू पडून बरीच वर्षं झाली, आणि उरलेला भाग पडण्याआधी विकून मोकळं व्हावं असं एकदाचं सगळ्यांचं एकमत झालं. माळ्यावर काय काय निघालं त्याची यादी देत बसत नाही. बंब, मोडका पाळणा, फुटक्या बरण्या, नेहमीचंच. पण एका पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या दवाखान्याच्या तीन वह्या होत्या. लांबट, कापडी पाठीच्या, दुकानदार वापरतात तसल्या. त्या पाहिल्या आणि मी खाली मातीतच बसलो.

आजोबा एल.सी.पी.एस. होते. ज्यांना ही पदवी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एम.बी.बी.एस.च्या खालचा असा हा परवाना होता आणि महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या गावांची एक अख्खी पिढी याच डॉक्टरांच्या हातून बरी झाली. लाल मिक्श्चर, बाटलीवर डोसासाठी खाचा पाडलेली कागदाची पट्टी, इंजेक्शनच्या सुया उकळायला स्टोव्ह, आणि बाहेर बाकावर बसलेला कंपाउंडर. वहीत रोजची नोंद: तारीख, नाव, गाव, वय, काय झालंय, काय दिलं, पैसे किती. बरेचदा शेवटच्या रकान्यात पैशांऐवजी 'तांदूळ' किंवा नुसती रेघ.

मला इतिहासाची खोड आहे हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पन्नास-साठच्या दशकातल्या एका गावाचं आजारपण, तारीखवार, हाताने लिहिलेलं! मामाला फोन केला तर तो माझ्याहून खूष. "टाक की ब्लॉगवर फोटो. आप्पांचं अक्षर तरी बघतील पोरं."

नावं झाकायची एवढी अक्कल मला होती. खरं तर काही ठिकाणी आजोबांनीच ती झाकली होती. मधूनच नावाच्या रकान्यात नुसतं 'क्ष' लिहिलेलं. पुढे गाव, वय, धंदा आणि दोन-तीन इंग्रजी अक्षरं, बहुधा रोगाची. काही क्षच्या पुढे समासात 'मिरजेस पाठविले'. त्या काळी आमच्या भागात एखाद्याला मिरजेला नेलं म्हटलं की लोक आवाज खाली आणत. एक तर मोठं ऑपरेशन, नाहीतर वानलेसवाडीचं क्षयाचं सॅनेटोरियम.

तर मी असंच एक पान निवडलं, उरलेल्या नावांवर काळी पट्टी मारली आणि 'हे कसं वाटतं' म्हणून मामाला पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. "अरे, हा क्ष म्हणजे आमचे मास्तर! त्या वाडीला तेव्हा एकच मास्तर होता." पुढे हसऱ्या चेहऱ्याचं चित्र.

(वाडी, वय आणि मास्तर हे तिन्ही मी इथे बदललंय. रोग तर सांगतच नाही.)

ते पान ब्लॉगवर गेलं नाही. पण तेव्हापासून डॉक्टरांच्या कपाटातल्या कागदांविषयी जे सापडेल ते वाचत सुटलोय, त्यातलं थोडं इथे लिहितो.

आपल्याकडचं या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध पाकीट मुंबईतलं. 'फ्रीडम ॲट मिडनाइट' हे कॉलिन्स आणि लापिएर यांचं पुस्तक १९७५ साली आलं. त्यात त्यांनी लिहिलं की महंमद अली जिनांच्या फुप्फुसांची एक्स-रे फिल्म त्यांचे मुंबईतले पारशी डॉक्टर जे. ए. एल. पटेल यांच्या तिजोरीत सीलबंद पाकिटात पडून होती. क्षय दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. ही गोष्ट १९४६ मधली, म्हणजे फाळणी अजून ठरायची होती. माउंटबॅटन मार्च १९४७ मध्ये दिल्लीला आले तेव्हा त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि पुढे ते म्हणत राहिले की ठाऊक असतं तर आपण वेगळं वागलो असतो. पाकिस्तान झाल्यावर तेरा महिन्यांच्या आत, ११ सप्टेंबर १९४८ ला जिना गेले.

आता यावर आपल्याकडे एक ठरलेली चर्चा होते. डॉक्टरांनी तोंड उघडलं असतं तर फाळणी टळली असती का? मला या जर-तरमध्ये फारसा रस नाही. एका माणसाच्या खोकल्यावर एवढा मोठा इतिहास टांगणं मला पटतही नाही. मला त्या डॉक्टरांचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणाने. देशातलं सगळ्यात महागडं गुपित हाताशी असताना त्यांनी ते पाकिटात घालून कपाट बंद केलं. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, नव्या वैद्याला दिलेला उपदेश आहे. त्यात रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत असं स्पष्ट सांगितलंय. तोच नियम, फक्त तिजोरीसकट.

पण हेही खरं की जिनांचा डॉक्टर जिनांचा होता. स्वतः निवडलेला, मलबार हिलच्या बंगल्यावर येणारा. ज्याचा डॉक्टर सरकारी असतो आणि ज्याची नोंद सरकारी वहीत होते, त्याचं काय?

पुणेकरांना हे १८९७ मध्ये कळलं होतं. प्लेग आला, त्याच वर्षी साथरोगांचा कायदा आला आणि घराघरांत गोरे सोल्जर शिरले. दुखणाईत सापडला की त्याला इस्पितळात नेत, घरच्यांना वेगळ्या छावणीत आणि सामान जाळायला. लोकांनी काय केलं? दुखणाईत लपवले. रँडच्या खुनाची गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण माळ्यावर, कोठीच्या खोलीत लपवलेल्या तापकऱ्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आजार कळला की माणूस जातो, हा हिशोब मात्र त्यांचा अगदी चोख होता.

यानंतर मला जायचंय ते थेट गोव्यात, १९८९ मध्ये. कारण सरकारी वहीत नाव येणं म्हणजे काय असतं, हे डॉमिनिक डिसोझाइतकं नेमकं क्वचितच कुणाला कळलं असेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीत. घबराट उडाली. गोव्याने आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून टाकली की ज्याच्या रक्तात हा विषाणू सापडेल त्याला वेगळं ठेवायचं. किती दिवस, कुठे, कोणत्या कारणाने सोडायचं, याचा पत्ता नाही. आणि हा आजार हवेतून पसरत नाही हे तोवर जगभर माहीत झालं होतं.

डॉमिनिक तिशीच्या आसपासचा. एका पर्यावरण संस्थेत नोकरी, नाटकाची आवड आणि नेमाने रक्तदान करायचा. हा शेवटचा भाग विसरू नका. तो कुठल्या धाडीत सापडला नाही, कुणी त्याच्याविरुद्ध तक्रार केली नाही. दुसऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून दिलेल्या रक्ताची तपासणी झाली, तिचा निकाल वरती गेला, आणि रक्तदात्यांच्या कागदावरचा त्याचा पत्ता पोलिसांपर्यंत पोचला. निकाल सगळ्यांना कळला, फक्त त्याला सोडून.

फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्याला म्हापशाच्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टर प्रश्न विचारत होते, काय झालंय ते कुणी सांगत नव्हतं. त्याने नंतर सांगितलं त्याप्रमाणे, समोर एक नोंदवही उघडी होती. त्याने त्यात डोकावून पाहिलं. स्वतःचं नाव दिसलं आणि नावापुढे लिहिलं होतं: एड्स.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना. आपल्या मरणाची बातमी (त्या वर्षी तो शब्द म्हणजे मरणच) आपण उलट्या बाजूने, दुसऱ्याच्या अक्षरात, टेबलाच्या पलीकडून वाचायची. आणि त्या खोलीत आपणच शेवटचे.

तिथून त्याला क्षयरोग्यांच्या एका जुन्या, बंद पडलेल्या सॅनेटोरियममध्ये नेऊन ठेवलं. बाहेर पहारा. चौसष्ट दिवस. गावभर बातमी. त्याची आई, लूसी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात गेली. वकील होते आनंद ग्रोव्हर. ही याचिका तिच्याच नावाने ओळखली जाते: लूसी डिसोझा विरुद्ध गोवा राज्य. न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे तो घरी आला. पण खटल्याचा अंतिम निकाल विरोधात गेला. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचं हित यांत टक्कर झाली तर व्यक्तीने माघार घ्यायची, असं न्यायालय म्हणालं आणि कायदा वैध ठरला. असं कोंडून ठेवायला लागलात तर लोक तपासणीलाच येणार नाहीत, हा याचिकेतला मुद्दा होता. पुण्याच्या माळ्यावरचे तापकरी आठवतायत ना?

डॉमिनिकची नोकरी गेली. मग त्याने स्वतःचं नाव लपवणं सोडून दिलं. आता उरलंच काय होतं लपवायला! सभांमध्ये उभा राहून 'मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे' असं जाहीरपणे सांगणारा तो देशातल्या अगदी पहिल्या माणसांपैकी. १९९२ साली गोव्यात त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि त्याच वर्षी तो गेला. ओनिरचा 'माय ब्रदर... निखिल' हा २००५ चा सिनेमा त्याच्या आयुष्यावर बेतलाय. सिनेमा चांगला आहे, पण त्यात निखिल पोहणारा चॅम्पियन आहे. मला खरा रक्तदाताच जास्त लागतो.

यानंतर काही वर्षांनी त्याच उच्च न्यायालयात, मुंबईत, एक वेगळी केस उभी राहिली. एका सरकारी महामंडळात हंगामी काम करणारा मजूर. वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला, अंगात ताकद शाबूत होती, तरी कामाच्या यादीतून नाव काढलं. त्याला न्याय हवा होता, पण न्यायालयात जायचं म्हणजे नाव फलकावर, पेपरात, चाळीत. तेव्हा न्यायालयाने त्याला खोट्या नावाने लढायची परवानगी दिली. निकालपत्रात तो 'एमएक्स' आहे आणि महामंडळ 'झेडवाय'. १९९७ च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितलं की माणूस काम करू शकत असेल तर केवळ या विषाणूमुळे त्याला काम नाकारता येणार नाही. आणि टोपणनावाची ती मुभा पुढे अनेकांना वाट करून देणारी ठरली.

म्हणजे उच्च न्यायालयाने जे केलं तेच माझ्या आजोबांनी वहीत केलं होतं. क्ष लिहून मोकळे! मला हे वाचून उगाचच छाती फुगल्यासारखं झालं. पण लगेच पुढची केस वाचली आणि ती फुगलेली छाती बसली.

१९९८ ची सर्वोच्च न्यायालयातली ही केस वकिलांना पाठ असते. 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड'. हा एक्स स्वतः डॉक्टर. एका नातेवाइकाच्या उपचारांसाठी मद्रासला गेला असताना रक्त दिलं (पुन्हा रक्तदान!) आणि तपासणीत एचआयव्ही निघाला. डिसेंबर १९९५ मध्ये त्याचं लग्न ठरलं होतं. बातमी इस्पितळातून बाहेर पडली, लग्न मोडलं, बोभाटा झाला आणि त्याला आपलं राज्य सोडावं लागलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गुप्ततेचा हक्क आहे, पण होणाऱ्या बायकोच्या जिवापुढे तो टिकत नाही. यात मला न्यायालयाचं म्हणणं चूक वाटत नाही. त्या मुलीला कळायलाच हवं होतं. पण तिला कळणं आणि अख्ख्या गोताला कळणं यात फरक आहे, आणि त्या फरकावर निकालपत्र फारसं थांबत नाही. वर अशा माणसाचा लग्नाचा हक्क स्थगित समजावा असंही त्यात होतं. ते मात्र २००२ मध्ये त्याच न्यायालयाने मागे घेतलं.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. निकालपत्र उघडून बघा. नावाच्या जागी एक्स आहे खरं. पुढे मात्र तो कोणत्या राज्यातला, कोणत्या सरकारी सेवेत, कोणत्या हुद्द्यावर, कुणाबरोबर मद्रासला गेला, लग्नाची तारीख कोणती, सगळं सविस्तर. त्याच्या छोट्याशा राज्यात हे वाचून कुणाला ओळखू आलं नसेल? त्या वाडीला तेव्हा एकच मास्तर होता.

मी मारलेली काळी पट्टी अगदी तसली होती. नाव हा ओळखीचा सगळ्यात लहान भाग असतो, निदान लहान गावात तरी. वय, गाव, धंदा आणि 'मिरजेस पाठविले' एवढं पुरतं. आजोबांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांची वही कपाटात राहायची आणि ती फक्त ते आणि कंपाउंडर वाचायचे. फोनवरून मामाला जायची नाही.

कायदा आता खूप पुढे आलाय हे नमूद करायला हवं. २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने कागद तीन वर्षं सांभाळायचे असतात आणि पेशंटने मागितले तर बहात्तर तासांत द्यायचे असतात. (तीन वर्षांनंतर ते रद्दीत जाऊ नयेत याची काळजी कोण घेतं, हे भेळवाल्याला विचारा. माझ्या हातात एकदा कुणाच्या तरी साखरेच्या रिपोर्टात बांधलेले शेंगदाणे आले होते.) २०१७ चा एचआयव्हीविषयक कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला बंदी आहे आणि न्यायालयात टोपणनाव वापरायची सोयही लिहून ठेवलीय. मुंबईच्या त्या मजुराला मागून घ्यावी लागलेली गोष्ट आता कलमात आहे.

आणि क्षय? इथे तर गंमतच आहे. २०१२ पासून क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे, आणि २०१८ पासून न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद. म्हणजे मुंबईचे ते पारशी डॉक्टर आज असते तर एक्स-रे तिजोरीत ठेवून चाललं नसतं. जिनांचं नाव, पत्ता, फोन नंबर संगणकावर भरावं लागलं असतं. मी याच्या विरोधात नाही. औषधं मध्येच सोडून देणाऱ्याला शोधून परत आणायचं तर नोंद हवीच, आणि क्षय हवेतून पसरतो. फक्त त्या संगणकासमोर कोण बसलंय आणि त्याचा मामा कोण आहे, हा प्रश्न उरतो.

कारण कायदा काहीही म्हणो, आपला हात सैल आहे. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या राज्यात घरी विलगीकरणात राहायचं असणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारला, शाई लवकर पुसली जाऊ नये अशी. दारांवर पोस्टर लागली. त्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अधिकाऱ्यांचा तसा खास आदेश असल्याशिवाय अशी पोस्टर लावू नका. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पॉझिटिव्ह माणसांची यादी फ्लॅट नंबरसकट फिरत होती. ती मीही उघडून वाचली होती, हे कबूल करतो. आणि मागच्या वर्षी एका लॅबने माझ्या रिपोर्टऐवजी एका अनोळखी बाईंचा रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठवला. तीन पानी. मी तो पहिल्या पानावर बंद केला असं इथे लिहायला मला आवडलं असतं.

असो. वह्यांचं काय केलं ते सांगायचं राहिलं.

मामाकडून नंतर एक गोष्ट कळली. क्ष कोण हे आजोबा एका छोट्या डायरीत लिहून ठेवत. काळ्या पुठ्ठ्याची, कोटाच्या खिशात मावेल एवढी. ते गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आजीने ती बंबात घातली. मामा तेव्हा चिडला होता म्हणे, आप्पांची आठवण जाळली म्हणून. आजी त्याला म्हणाली होती, "त्यांचं त्यांच्याबरोबर गेलं," आणि आंघोळीला चला म्हणाली.

तीन वह्या सध्या माझ्या कपाटात आहेत. जाळवत नाहीत. एखाद्या संग्रहालयाला द्याव्यात तर आधी पानन्‌पान बघावं लागेल आणि मी ते बघायचं नाही असं ठरवलंय. कोणत्या महिन्यात हगवण किती, हिवताप किती, एवढेच आकडे कुणीतरी तिऱ्हाइताने, त्या तालुक्यात कधी न गेलेल्या माणसाने, उतरवून घ्यावेत अशी एक कल्पना डोक्यात आहे. असा माणूस कुणाच्या माहितीत असला तर कळवा.

आणि मामाला त्या पानाचा फोटो डिलीट करायला सांगितलाय. त्याने तो केलाही, लगेच. पण त्याआधी त्याने तो सांगलीच्या मावशीला फॉरवर्ड केला होता. मावशी, तू हे वाचतेस मला माहीत आहे. मास्तरांची नात तुमच्याच गल्लीत राहते. तेवढा फोटो काढून टाक, आणि तिला काही बोलली असशील तर मला फोन कर.